पुढच्या ब्रेकची बाजू

उजवा ब्रेक दाबला आणि पुढचं चाक थांबलं. मी थांबले नाही. हँडलवरून पलीकडे जाताना माणसाला वेळ फार मिळतो, हे मला त्या शुक्रवारी कळलं. इतका मिळतो की पॉपलरच्या झाडांचा कापूस हवेतून किती सावकाश उतरतोय ते मी बघितलं, आपण त्याच्या आधी उतरणार हेही लक्षात आलं, आणि खाली कापलेल्या गवताचा ढीग दिसला तेव्हा आभार देवाचे मानायचे की नगरपालिकेचे, हा प्रश्नसुद्धा पडला. आमचं फेर्रारा शहर ताटासारखं सपाट. उतार म्हणावा असा काय तो जुन्या तटावरून खाली रस्त्याला येणारा एक तुकडा, त्यावरून शाळेतली पोरं पाय वर करून किंचाळत जातात. पडायला मी नेमका तोच निवडला. गवतात नीट मांडी घालून बसल्यासारखी बसले होते. सायकल शेजारी आडवी, मागचं चाक अजून आपलं फिरतंय. कुत्रं घेऊन फिरायला निघालेले एक म्हातारे गृहस्थ थांबले, माझ्याकडे बघितलं, सायकलीकडे जरा जास्त वेळ बघितलं आणि म्हणाले, "बाई, उतरायची ही नवी तऱ्हा का?"

"जुनीच आहे," मी म्हटलं, "सायकलसुद्धा जुनी आहे."

"ते दिसतंय. वायरी बाहेरून घेतल्यायत. हल्ली कुणी घेत नाही." कुत्र्यानं माझा बूट हुंगला, त्याला काही विशेष वाटलं नसावं. दोघं निघून गेले.

दुखापत नव्हती. कोपराला गवताचा हिरवा डाग होता, तेवढाच. तरी मी गवतातच बसून राहिले. कारण चूक हाताची नव्हती. माझ्या रोजच्या सायकलीला, दुकानात जायच्या, बाजारहाटाच्या, सगळ्या गावाच्या असतात तशा सायकलीला, पुढचा ब्रेक डाव्या हाताला आणि मागचा उजव्या. सवयीनं उजवा दाबला, मागचं चाक थांबेल म्हणून. पण ह्या सायकलीला पुढचा ब्रेक उजवीकडे होता, आणि तो तिथे मीच बसवला होता. गेल्या रविवारी, आपल्या हातानं, गुणगुणत. का? तर बाबांचा तसा होता म्हणून. आणि बाबांचा तसा होता हे मला कोणी सांगितलं? गवतात बसल्या बसल्या हा प्रश्न मी स्वतःला विचारला आणि उत्तर येईना. गुणगुणत होते एवढं मात्र आठवत होतं.

सायकल बाबांची. बाबा साखर कारखान्यात बॉयलरवर होते, आणि रविवारी सायकलवर. निळी, बारीक नळ्यांची, मेंढ्याच्या शिंगांसारखं वळलेलं हँडल. ब्रेकच्या मुठींच्या डोक्यातून दोन वायरी वर निघायच्या, हवेत कमान टाकायच्या आणि खाली यायच्या. एक पुढच्या ब्रेककडे, दुसरी दांडीवरून मागे. बाबांच्या कमानी इतरांपेक्षा मोठ्या असायच्या. बरोबरचे सायकलवाले चिडवायचे, "देल्मो, गोगलगाय निघाली बघ, शिंगं काढून." बाबा हसायचे आणि दुसऱ्या वर्षी वायर बदलताना तेवढ्याच मोठ्या ठेवायचे. ते गेल्यावर सायकल आईच्या तळघरात पडून राहिली. मग माझा धाकटा भाऊ इवानो याला साक्षात्कार झाला. त्याची खाणावळ आहे, बरी चालते, आणि भिंतीवर जुन्या सायकली टांगलेल्या खाणावळी अजून बऱ्या चालतात असं त्याच्या ध्यानात आलं. हॅम कापायच्या लाल यंत्राच्या वर त्यानं दोन आकडे ठोकले, सायकल उचलून नेली, पुसली, आणि ब्रेकच्या गंजलेल्या वायरी, मुठी, सगळं सोडवून काढलं. मुठी एका डब्यात टाकल्या, वायरी कचऱ्यात. "भिंतीला ब्रेक कशाला लागतोय?" असं त्याचं म्हणणं. ईस्टरच्या जेवणाला हे त्यानं कौतुकानं सांगितलं आणि माझा चमचा रश्श्यात तसाच राहिला.

मी म्हटलं, ती सायकल मी चालवणार. मे महिन्यात जुन्या सायकलींची फेरी निघते, पो नदीच्या बांधावरून, खडीच्या रस्त्यानं. बाबा तिच्यात शेवटपर्यंत जायचे. तिथे नियम कडक असतात: सायकल जुनीच पाहिजे, अंगात लोकरीचा सदरा पाहिजे, आणि ब्रेकच्या वायरी हँडलवरच्या पट्टीखाली लपवलेल्या चालत नाहीत, उघड्या, हवेतून कमान टाकून गेल्या पाहिजेत. सुरुवातीच्या रेघेवर तपासनीस उभे असतात, त्यांचं पहिलं बोट कमानीवर जातं. इवानो म्हणाला, "अगं नोर्मा, तू सुया-बटणं विकतेस. ब्रेक बसवणार आहेस का सदऱ्याला काज करणार आहेस?" मी म्हटलं, ओवायचंच तर आहे. तो म्हणाला, "मी मिस्त्रीला देतो हवं तर. एक दिवस फिरव, मग भिंतीवर." मी म्हटलं, भिंतीवर नाही. असं चाललं असताना आईनं पाव मोडायला घेतला. आमच्याकडचा पाव कणकेचे दोन पेड पिळून एकात एक अडकवलेला असतो, चार शिंगांचा. तिनं एक शिंग मोडून माझ्या ताटात टाकलं, एक त्याच्या, आणि म्हणाली, "त्यांची होती तशी जो उभी करील, त्याची. मिस्त्री नको. फेरीच्या आदल्या दिवशी मी बघीन."

"तू बघणार?" इवानो हसायला लागला. "आई, तू जन्मात सायकल चालवली नाहीस."

"चालवली नाही," आई म्हणाली, आणि रस्सा वाढायला उठली.

हे खरं होतं. आमच्या गावात नन सायकल चालवतात, न्यायाधीश चालवतात, गरोदर बायका दवाखान्यात सायकलवर जातात. सायकल न येणारी बाई म्हणजे पोहता न येणारा मासा. माझी आई तो मासा. लहानपणी मला त्याची लाज वाटायची.

तर महिनाभर मी दुकान बंद झाल्यावर शिकले. कुणाला विचारलं नाही. विचारलं की लोक हातातून पक्कड काढून घेतात, आणि मग आपण चहाचं विचारणारी बाई होतो. वायरीच्या टोकाला मसुराएवढं शिशाचं डोकं असतं, ते मुठीच्या आत बसतं. दुसरं टोक वर डोक्यातल्या भोकातून काढायचं, मग बाहेरचं कव्हर चढवायचं. कव्हर कापलं की टोकाशी काटा राहतो, तो कानशीनं घासला नाही तर वायरीला कुरतडतो. हे मी पहिलं कव्हर फुकट घालवून शिकले. वायरीची टोकं सुटतात, दोऱ्यासारखीच. जिभेवर ओली करून उपयोग नसतो, हेही शिकले, जीभ दोन दिवस तिखट होती. आणि कमानी मोठ्या ठेवल्या. मोठ्या का, ते माहीत नव्हतं. बाबांच्या होत्या. मागची वायर दांडीच्या पाठीवरून नुसती उघडी जाते, दोन टोकांना दोन कड्यांमध्ये अडकून. बोटानं छेडली तर सूर निघतो. तो सूर निघाला तेव्हा स्वयंपाकघरात मी एकटीच होते आणि एकटीच टाळ्या वाजवल्या.

आणि आता हे. सायकल हातात धरून घरी चालत येताना मी आठवायला लागले, आणि आठवायला लागणं हीच सगळ्या घोटाळ्याची सुरुवात. मला दिसायचं ते असं: आमचं मागचं अंगण, उलटं घातलेलं फळांचं खोकं, त्यावर मी, गुडघे हनुवटीशी. समोर सायकल, सायकलीपलीकडे बाबा, गालात ज्येष्ठमधाची गोळी, त्यामुळे एक गाल फुगलेला. ते वायर ओवतायत. ओवताना त्यांची जीभ दातांत यायची आणि गोळी खणकन वाजायची. आणि मनात पक्कं: पुढचा ब्रेक उजवीकडे. पण थांब, मी स्वतःला म्हटलं, तेवढ्यात एका टपालाच्या व्हॅनखाली येता येता वाचले. थांब. मी समोर बसले होते. माझी उजवी म्हणजे त्यांची डावी! आरशात बघून मी सायकल बांधली होती. चाळीस-पन्नास वर्षं एक चित्र सांभाळलं आणि ते उलटं टांगलं होतं.

मग काय, एकदा सुरू झालं की संपतंय कुठे. बाबांचा कुठला गाल फुगलेला असायचा? भांग कुठल्या बाजूला? बॉयलरच्या वाफेनं भाजलेला हात, ज्यावर केस नव्हते, तो कुठला? मला सगळं समोरून माहीत होतं. माझा जन्मच समोरून बघण्यात गेलाय. दुकानात गल्ल्याच्या अलीकडे मी, पलीकडे गिऱ्हाईक. ते म्हणतं, उजव्या बाहीचं बटण, आणि मी मनातल्या मनात माणूस फिरवून घेते. जेवणाच्या टेबलावर समोर. नवरा होता तोवर तोही समोर. तो कुठल्या बाजूनं बघत असेल हा विचार, खरं सांगायचं तर, त्याचं सामान गेल्यावर आला. बाबांच्या शेवटच्या दिवसांत दवाखान्यातली खुर्चीसुद्धा अशी होती की मी त्यांच्या पायाशी, तोंड त्यांच्याकडे. माणसाच्या शेजारी बसून तो जिकडे बघतोय तिकडे बघावं, हे मला कधी जमलं होतं का? असं काहीतरी भयंकर खोल वाटायला लागलं, आणि त्याच वेळी भूकही लागली, म्हणून पास्त्याच्या पारीत भोपळ्याचं सारण भरलेले कालचे उरलेले कापेल्लाच्ची लोण्यात परतले आणि उभ्याउभ्या खाल्ले. दुःख असलं तरी लोणी कमी घालू नये, हे आईचं.

खाऊन झाल्यावर मी दोन्ही वायरी सोडल्या आणि बाजू बदलल्या. पुढचा डावीकडे, मागचा उजवीकडे. पुन्हा मापं, पुन्हा कानस. ह्या वेळी गुणगुणले नाही. हुशारीनं केलं, एकेक पायरी विचार करून. झाल्यावर दाबून बघितले, दोन्ही ब्रेक झकास. आता ती गावातल्या कुठल्याही सायकलीसारखी होती. हाताला सवयीची. तरी समाधान का वाटेना कळेना. नवी चप्पल चावत नाही म्हणून तक्रार करण्यासारखं ते होतं.

शनिवारी दुपारी आईच्या घराच्या चौकात गेले तर इवानो आधीच हजर, पांढरा एप्रन तसाच, हाताला हॅमचा वास. पहिली नजर त्यानं कमानींवर टाकली. "वा! गोगलगाय तर गोगलगाय," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात मला अपेक्षित नव्हतं असं काहीतरी होतं. मग लगेच, "पण आकडे मी काढलेले नाहीत हं अजून." आई खाली आली. हातात काठी, दुसऱ्या हातात बाबांचा जुना कोट घडी करून. मला वाटलं तिला थंडी वाजतेय. तिनं सायकलीभोवती एक फेरी मारली. ब्रेकला हात लावला नाही, वायरी बघितल्या नाहीत. कोटाची घडी दांडीवर, पुढच्या बाजूला, ठेवली. दोनदा थोपटली. आणि म्हणाली, "बसव मला."

"कुठे?" मी आणि इवानो एकदम.

"डोक्यावर तुझ्या. दांडीवर! आणखी कुठे?"

"आई, तुझं कंबरेचं हाड—"

"हाड माझं आहे. इवानो, तू काखेत धर. नोर्मा, तू सीटवर बस आणि पाय जमिनीला टेकव. एवढे घोडे झालात, एक म्हातारी उचलता येत नाही?"

वरच्या मजल्यावरच्या खिडकीतून कुणीतरी म्हणालं, "सिन्योरा योले, फेरीला निघालात का?" आई म्हणाली, "लग्नाला." आम्ही तिला उचललं. ती इतकी हलकी होती की आम्ही दोघांनी लावलेला जोर थोडा उरला. दांडीवर ती एका बाजूला पाय सोडून बसली, जराही चाचपडली नाही. आपल्या नेहमीच्या खुर्चीत बसावं तशी बसली. पाठ माझ्या छातीला, आणि डोकं आपोआप पुढे, दोन कमानींच्या मधोमध. बरोबर मावलं. केसाची पिनसुद्धा कुठे लागली नाही. मी खाली तिच्या पांढऱ्या भांगाकडे बघत राहिले. ह्या बाजूनं मी आईला कधी बघितलं नव्हतं. दोघी एकाच दिशेला तोंड करून होतो, समोर चौकाचं फाटक, फाटकाबाहेर पॉपलरचा कापूस.

"चल," ती म्हणाली.

चौक फाटकाकडे किंचित उतरता आहे, पाणी जावं म्हणून. मी एक पाय रेटला. सायकल निघाली, आई डुलली, आणि माझा डावा हात हँडल सोडून तिच्या कंबरेभोवती गेला. मी पाठवला नव्हता. तो गेला. इवानो बाजूनं पळतोय, "अगं हळू, अगं हळू!" आणि आई म्हणाली, "आता थांब."

मी उजवा दाबला. एकच हात शिल्लक होता. मूठ अर्ध्यातच अडली आणि काही म्हणजे काही झालं नाही, कारण मागच्या ब्रेकची ती उघडी वायर दांडीवरून जात होती आणि माझी आई, बाबांच्या कोटासकट, तिच्यावर बसलेली होती. डावा ब्रेक होता, पुढचा, झकास, नुकताच हुशारीनं बसवलेला. पण डावा हात आईला सोडायला तयार नव्हता, आणि मी त्याला सांगूही शकले नाही. फाटक आलं. इवानो वळसा घालून समोर धावला, दोन्ही हात पसरून त्यानं हँडल, कमानी, आईचे गुडघे, सगळं एकत्र एप्रनवर झेललं, आणि तिघं तसेच उभे राहिलो. आई हसत होती. आवाज न करता. माझ्या हाताखाली तिची बरगडी हलत होती.

"चुकलं," ती म्हणाली.

 काय चुकलं ते माझ्या डाव्या हातातच होतं: तो दांडीवरच्या माणसाला धरणार, म्हणून थांबवणारा पुढचा ब्रेक उजव्यालाच हवा. तिला उतरवून बाकावर बसवलं तेव्हा इवानो घाम पुसत म्हणाला, "म्हणजे? काय चुकलं? वायरी छान तर आहेत." ह्या मुलाला बाबांनी स्वतःच्या नव्या मोटारीतून शाळेत सोडलं, त्याला दांडी ठाऊक असणार कुठून.

"आई," मी म्हटलं, "पहिल्यांदा मी पुढचा उजवीकडेच बसवला होता. काल बदलला."

"बदललास कशाला?"

"विचार केला म्हणून."

"तरीच," आई म्हणाली.

"पण मला वाटलं, मी खोक्यावर समोर बसायचे, तर माझी उजवी म्हणजे—"

"कुठलं खोकं? खोक्यावर हा बसायचा," तिनं काठीनं इवानोकडे दाखवलं, "नाक पुसत. तू नंतर, मोठी झाल्यावर बसली असशील. आधी तू दांडीवर. तुझ्या आधी तिथे मी बसायचे; मी उतरले तेव्हापासून तू. बालवाडीला, आजीकडे, सगळीकडे. उजव्या मुठीवर तुझा हात, वर त्यांचा हात. 'नोर्मा, ब्रेक!' म्हणायचे, आणि तुला वाटायचं सायकल तूच थांबवतेस. घरी येऊन सांगायचीस मला, आज मी बाबांना दोनदा थांबवलं."

मला हे आठवलं नाही. खरंच नाही, आठवल्यासारखं करायलाही जमलं नाही. पण उजव्या तळहाताला काहीतरी कळल्यासारखं झालं, आणि गेल्या रविवारचं ते गुणगुणणं कशाचं होतं ते समजलं. 'उजवीकडे' हे हाताचं होतं, दांडीवरचं, जिथे माझी उजवी आणि त्यांची उजवी एकच असते. खोकं मी मागाहून आणून त्याच्यापुढे ठेवलं.

"मग आता कोण जिंकलं?" इवानोनं विचारलं. "चुकलंच ना?"

"अर्ध्या तासाचं काम आहे," आई म्हणाली. "तिला करू दे. सायकल तिची."

"आणि माझे आकडे?"

"त्यांना हॅम टांग, बाळा. खाणावळ आहे ना तुझी?"

इवानोनं तोंड वाकडं केलं, मग खाली बसून सायकल धरून ठेवली, मी वायरी सोडल्या तेवढा वेळ. मध्येच म्हणाला, "उद्या परत येताना खाणावळीपुढून ये. आत आणू नकोस, नुसती बाहेर उभी कर. तासभर." मी म्हटलं, बघू. आई बाकावर कोट मांडीवर घेऊन बसली होती, आणि मी वायरीचं टोक भोकातून काढताना जीभ दातांत आली तेव्हा ती म्हणाली, "अगदी तस्संच," आणि दुसरीकडे बघायला लागली.

उद्या रेघेवर तपासनीस येईल, कमानीवर बोट ठेवील, मान हलवील. बाजू कुठली, हे तो विचारणार नाही. नियमात नाही ते. संध्याकाळी मी पुन्हा तटावर गेले, त्या उतारावर. माथ्यावर थांबून उजव्या हाताला समजावलं की बाबा रे, ही ताकद पुढची आहे, पिठाचा गोळा दाबतोस तसा दाब. आणि सोडलं स्वतःला. निम्म्यात कुत्रंवाले गृहस्थ वर येत होते. "आज गवत नको का?" ते ओरडले. उजव्यानं हलकेच थांबत थांबत मी त्यांच्या बाजूनं उतरले, कमानींच्या मधल्या रिकाम्या जागेतून रस्ता बघत, आणि हात करावा म्हणून डावा बघते तर तो हँडलवर नव्हताच. पोटापुढे वळवून, कुणाला तरी धरल्यासारखा, आपला निवांत होता.